जे डिला : ठेका जरासा मागे-पुढे ठेवणारा डेट्रॉइटचा जेम्स यान्सी

मध्यलय (धागाकर्ता)

हिपहॉपवरच्या जुन्या धाग्यात एका सदस्याने लिहिलं होतं की या संगीतात ताल यंत्र देतं, माणूस नुसता बोलतो. दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ज्याच्याबद्दल लिहितोय तो रॅप करायचा, पण लोक त्याला ओळखतात ते त्याच्या ठेक्यासाठी.

जेम्स डेविट यान्सी. जन्म ७ फेब्रुवारी १९७४, डेट्रॉइट. सुरुवातीला 'जे डी' म्हणून काम केलं. जर्मेन डुप्री या निर्मात्यालाही लोक जे. डी. म्हणत, त्यामुळे घोळ व्हायचा. म्हणून २००१च्या सुमारास नाव बदलून 'जे डिला' केलं. १० फेब्रुवारी २००६ला लॉस एंजेलिसमध्ये गेला. बत्तिसावा वाढदिवस होऊन तीन दिवस झाले होते.

घरात गाणं होतंच. वडील बेस वाजवायचे, आई मॉरीन ऑपेराचं गाणं शिकलेली. आज हिपहॉपचं अख्खं जग तिला 'मा ड्यूक्स' म्हणून ओळखतं. पोरगा लहानपणापासून रेकॉर्डींच्या ढिगात वाढला. त्याच वस्तीत, कोनंट गार्डन्समध्ये, अ‍ॅम्प फिडलर नावाचा कीबोर्डवादक राहायचा. पार्लमेंट-फंकाडेलिक या गाजलेल्या ताफ्यात वाजवणारा हा माणूस शेजारपाजारच्या पोरांना आपल्या तळघरात येऊ द्यायचा. तिथेच यान्सीने एमपीसी नावाचं ठेके बनवायचं यंत्र पहिल्यांदा हाताळलं. शाळेतले मित्र टी-३ आणि बाटीन यांच्याबरोबर त्याने 'स्लम व्हिलेज' हा गट काढला.

१९९४मध्ये अ‍ॅम्प ज्या फिरत्या महोत्सवात वाजवत होता, त्यात 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' हा न्यूयॉर्कचा गटही होता. अ‍ॅम्पने त्यांच्या क्यू-टिपशी यान्सीची गाठ घालून दिली आणि यान्सीच्या ठेक्यांची कॅसेट क्यू-टिपच्या हातात पडली. पुढची दोन वर्षं डोळे विस्फारावेत अशी आहेत. १९९५मध्ये फारसाइड या रॅप गटाच्या 'लॅबकॅबिनकॅलिफोर्निया' अल्बममधली त्याने केलेली गाणी आली. १९९६मध्ये डी ला सोल या गटाचं 'स्टेक्स इज हाय' आणि ट्राइबच्या 'बीट्स, ऱ्हाइम्स अँड लाइफ'मधलं काम. पोरगा अजून तळघरातच काम करत होता आणि बावीस वर्षांचा होता.

आता मुद्द्याचं. मी चौदा वर्षं तबला शिकलो. पुण्यात हॉस्टेलवर मित्राच्या कॉम्प्युटरवर फारसाइडचं 'रनिन' पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा गिटारवर जीव जडला. लुईझ बोनफा आणि स्टॅन गेट्झ यांच्या १९६३च्या रेकॉर्डवरून उचललेला तो तुकडा आहे. मग त्याच अल्बममधलं दुसरं एक गाणं लागलं आणि मला खरंच वाटलं की फाइल बिघडलीये. मोठ्या ड्रमचा ठोका, ज्याला किक म्हणतात, जागेवर पडेचना. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती दोन बोटं खाली निघावी, तसं होत होतं. द रूट्स या हिपहॉप बँडचा ड्रमर क्वेस्टलव याने हाच अनुभव अनेकदा सांगितलाय. फारसाइडच्या आधी स्वतःचा कार्यक्रम संपवून तो निघाला होता, भिंतीपलीकडून ती किक कानावर आली आणि तो परत फिरला. एखाद्या झिंगलेल्या तीन वर्षांच्या पोराने वाजवावी तशी ती त्याला वाटली.

हे होतं कसं, ते आपल्या भाषेत सांगतो. एक मात्रा घ्या. तिचे दोन सारखे भाग केले की दुगुन, तीन केले की तिगुन. दुगुनीत दुसरा ठोका मात्रेच्या अगदी मध्यावर पडतो. जॅझवाले ज्याला स्विंग म्हणतात, त्यात ढोबळमानाने तिगुनीतला पहिला आणि तिसरा ठोका वाजवतात, मधला गाळतात. म्हणजे दुसरा ठोका मध्यावरून सरकून दोन-तृतीयांशावर जातो. रॉजर लिन या माणसाने अकाई कंपनीसाठी एमपीसी बनवलं, त्यात या सरकण्याला आकडा दिला. ५० म्हणजे सरळ दुगुन, ६६च्या आसपास तिगुनीचा झोल, आणि काटा ७५पर्यंत जातो. यंत्र एका मात्रेचे ९६ बारीक कण करतं. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर एक कण साधारण सात मिलिसेकंदांचा. तुम्ही बोटाने रबराची गादी दाबली की यंत्र तो ठोका जवळच्या घरात नेऊन बसवतं. बहुतेक जण त्याला बसवू देतात. डिला कधी ही सोय बंद ठेवायचा, कधी ठोके मुद्दाम काही कण मागे-पुढे सरकवायचा.

बहुतेक निर्माते अख्ख्या गाण्याला एकच झोल देत. डिलाने एकाच गाण्यात दोन चाली सोडल्या. हाय-हॅट (पायाने मिटायची झांजांची जोडी) दुगुनीत सरळ चालतोय, स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) जरासा घाईत पुढे येतोय, किक रेंगाळतेय आणि बेस तिच्याही मागून येतोय. आपल्या कानाला दुगुन आणि तिगुन एकाच वेळी, एकमेकींना घासत ऐकू येतात. मान आपोआप हलते, पण कशाला धरून हलते ते चटकन सांगता येत नाही. याला बेताल म्हणणाऱ्यांनी एकदा हाताने ताल धरून बसावं. सम चुकत नाही, एकदाही नाही.

२०००च्या सुमाराला गायक डी'अँजेलो, क्वेस्टलव, कीबोर्डवादक जेम्स पॉयझर आणि डिला यांचा 'सोलक्वेरियन्स' हा गोतावळा न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत बसायचा. कॉमन या रॅपरचं 'लाइक वॉटर फॉर चॉकलेट' आणि गायिका एरिका बडूचं 'मामाज गन' हे अल्बम तिथलेच. डी'अँजेलोच्या 'वूडू'मध्ये तर हाडामांसाची माणसं खऱ्या वाद्यांवर डिलाच्या यंत्राची नक्कल करताहेत. क्वेस्टलवसारख्या घड्याळी शिस्तीच्या ड्रमरला हात ढिला सोडायला नव्याने शिकावं लागलं. धाग्याच्या सुरुवातीच्या आक्षेपाला माझं उत्तर हेच आहे. पुढे जॅझ पियानोवादक रॉबर्ट ग्लॅस्परच्या ताफ्यातल्या क्रिस डेव्हसारख्या ड्रमरांनी हीच चाल जॅझमध्ये नेली.

नंतरच्या गोष्टी थोडक्यात. एका मोठ्या कंपनीसाठी डिलाने स्वतःच्या रॅपचा अल्बम केला, तो कंपनीने अडकवून ठेवला. 'द डायरी' नावाने तो बाहेर यायला २०१६ उजाडलं. २००३मध्ये मॅडलिब या निर्मात्याबरोबर 'चॅम्पियन साउंड' झालं. २००४मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला आणि काही काळ कॉमनबरोबर एका घरात राहिला. तोवर रक्ताच्या दुर्मीळ आजाराने त्याला गाठलं होतं.

'डोनट्स' हा अल्बम त्याच्या वाढदिवसाला, ७ फेब्रुवारी २००६ला आला. एकतीस तुकडे, बहुतेक दीड मिनिटाच्या आतले, रॅप जवळजवळ नाहीच. त्याबद्दल प्रतिसादांत बोलू. एका दमात लिहायचं धाडस होत नाहीये.

---

कुंदकळी

दुगुन-तिगुनीचं उदाहरण वाचून उठले, मोबाइलवर 'रनिन' लावलं आणि ओट्यापाशी उभं राहून टाळी धरली. तीन वेळा हुकली, चौथ्यांदा बसली. बसल्यावर मात्र सोडवेना, कूकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

एक विचारायचं होतं. हे सगळे तुकडे दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचललेले असतात ना? मग त्यात त्याचं स्वतःचं किती?

---

मध्यलय

कुंदकळी, रास्त प्रश्न आहे. बडूचं 'डिडंट चा नो' घ्या. ती त्याच्या तळघरात गेली, त्याने तिलाच रेकॉर्डी चाळायला लावल्या, तिने टारिका ब्लू नावाच्या फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या बँडची रेकॉर्ड काढली आणि त्यातून ते गाणं उभं राहिलं. मूळ गाणं 'ड्रीमफ्लॉवर' शोधून ऐका, मग बडूचं ऐका. सूर तेच आहेत, गाणं वेगळं झालंय.

याहून चांगला पुरावा 'डोनट्स'मधल्या 'डोन्ट क्राय'चा. त्यात तो आधी एस्कॉर्ट्स या गटाचं जुनं सोल गाणं जवळपास तसंच वाजू देतो, जणू सांगतोय की माल हा असा होता. मग त्याचे इतके बारीक तुकडे करतो की शब्दांचे श्वास तेवढे उरतात, आणि ते नव्या क्रमाने लावतो. बंदिश सगळ्यांना माहीत असते. गवई ती पुढे कुठे नेतो, हे ऐकायला आपण बसतो. माझ्या लेखी हे तसंच आहे. परवानगी आणि पैशांचा प्रश्न वेगळा, आणि तो खरा आहे. ज्यांचे सूर घेतले त्यांना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे.

---

हुरूनचा_रस्ता

मी मिशिगनमध्ये अकरा वर्षं आहे, नोव्हायजवळ. गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. आपली मराठी मंडळी बहुतेक उपनगरांतच राहतात. डेट्रॉइट शहराच्या ईशान्य भागात कामाशिवाय कुणी जात नाही. डिलामुळे मी एका रविवारी मुद्दाम कोनंट गार्डन्सला गेलो.

या वस्तीची गोष्ट धाग्यात यायला हवी. ती जमीन शुबेल कोनंट या गुलामगिरीविरोधी माणसाची होती. शहरात इतरत्र घरांच्या खरेदीखतातच अट असायची की काळ्या माणसाला विकायचं नाही. इथल्या खतांत ती अट नव्हती. त्यामुळे शिक्षक, टपाल खात्यातले कर्मचारी, कारखान्यातले कामगार अशा कृष्णवर्णीय कुटुंबांनी इथे स्वतःची घरं बांधली. हिपहॉप म्हटलं की उंच सरकारी इमारती डोळ्यांसमोर येतात, इथे तसं काही नाही. विटांची बैठी घरं, पुढे गवताचा तुकडा, आणि प्रत्येक घराला तळघर. मोटाउन कंपनी १९७२ला डेट्रॉइट सोडून गेली, पण वाजवणारे सगळेच गेले नाहीत. ते अशा घरांतून राहत होते आणि तळघरांत वाजवत होते. स्वतःचं घर होतं म्हणून तळघर होतं, आणि तळघर होतं म्हणून रात्रभर वाजवता आलं.

मी गेलो तेव्हा एक आजोबा पानं गोळा करत होते. मी काय बघतोय असं त्यांनी विचारलं. नाव सांगितल्यावर काठीने रस्त्याची एक बाजू दाखवली, म्हणाले, "पोरगा इथूनच चालत जायचा," आणि पुन्हा पानांकडे वळले.

---

तर्कतीर्थ_नव्हे

धागा आवडला, पण सम चुकत नाही या युक्तिवादात मला कच्चा दुवा दिसतो. यंत्रावर दोन आवर्तनं बनवून तीच फिरवत ठेवली, तर चूकही दर फेरीत त्याच जागी येणार. मग ती हेतूने केली की हातून झाली, हे कळायचं कसं?

---

मध्यलय

हा प्रश्न मलाही छळत होता. म्हणून गेल्या दिवाळीत गुरुजींकडे गेलो तेव्हा स्लम व्हिलेजच्या 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २'मधली तीन-चार गाणी त्यांना ऐकवली. ऐंशीच्या घरातले आहेत, इंग्रजी गाणं कधी ऐकत नाहीत. डोळे मिटून मांडीवर बोटं मोजत बसले. पहिल्या गाण्यात एकदा थांबले, पुन्हा धरलं. तिसऱ्या गाण्यानंतर डोळे उघडले आणि म्हणाले, "याला लय ठाऊक आहे रे. ज्याला ठाऊक नसते तो प्रत्येक चिजेत वेगळीकडे चुकतो. हा प्रत्येक चिजेत त्याच हाताने मागे राहतो."

तर्कतीर्थ, तुमच्या शंकेचं उत्तर यात आहे असं मला वाटतं. एका गाण्यात फिरणारी चूक अपघात असू शकते. पण वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या गाण्यांत स्नेअरच पुढे आणि किकच मागे? आणि 'टाइम : द डोनट ऑफ द हार्ट' ऐका. त्यात लय मध्येच कुणीतरी ओढून धरल्यासारखी मंदावते आणि पुन्हा सुटते. ते यंत्र आपणहून करत नाही.

---

निमवैद्य

मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून आजाराबद्दल दोन शब्द. त्याला टीटीपी होता, थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. शरीरभरच्या अगदी बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट खर्ची पडतात, आणि मूत्रपिंड, मेंदू यांना रक्त कमी पडायला लागतं. उपचारात रुग्णाचा प्लाझ्मा काढून दुसऱ्याचा भरावा लागतो, पुन्हा पुन्हा. त्याच्या जोडीला ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटतं. सांधे सुजतात, बोटांचे विशेषतः. ठोका सात मिलिसेकंदांनी सरकवणाऱ्या माणसाच्या बोटांवर हे यावं, हे वाचताना मी बराच वेळ थांबले.

आई त्याची सुजलेली बोटं चोळून द्यायची, म्हणजे त्याला पुन्हा काम करता यायचं, असं वाचलं आहे. तेवढं खरं का?

---

मध्यलय

हो. आईनेच ते सांगितलंय. २००५चा मोठा काळ तो लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय रुग्णालयात होता. आई डेट्रॉइटहून येऊन राहिली होती. ती रेकॉर्डींचे खोके आणायची, तो एकेक काढून बघायचा आणि बहुतेक नापसंत करून परत ठेवायचा. खाटेजवळ छोटा रेकॉर्ड प्लेअर आणि एक लहानसं सॅम्पलर, म्हणजे गाण्यांचे तुकडे उचलून वाजवणारं यंत्र, होतं. बोटं दुखली की ती चोळून द्यायची.

त्या वर्षाच्या अखेरीस तो युरोपच्या दौऱ्यावर गेला, चाकाच्या खुर्चीतून, आईसोबत. खुर्चीत बसून माइक हातात धरलेल्या त्याचे फोटो आहेत. मला ते फार वेळ बघवत नाहीत.

---

सीडीवाला

एक दुरुस्ती, कारण ही गोष्ट इंटरनेटवर फुगत गेली आहे. 'डोनट्स' पूर्ण रुग्णालयाच्या खाटेवर बनलं, असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही. मूळ तुकड्यांची सीडी त्याने आधीच करून मित्रांत वाटली होती, तो तशा सीड्या सतत करायचा. रुग्णालयात त्यावर पुढचं काम झालं, आणि स्टोन्स थ्रो या लेबलच्या लोकांनी ती छोटी सीडी अल्बमच्या लांबीची करायला मदत केली. मृत्युशय्येवरची कलाकृती ही कल्पना मोहक आहे, पण त्यामुळे आपण त्याचं आधीचं रोजचं काम विसरतो. तो सकाळी उठून तळघर झाडून-पुसून कामाला बसायचा आणि दिवसाला कितीतरी ठेके करायचा, असं जवळचे लोक सांगतात.

---

मध्यलय

सीडीवाला, मनापासून आभार. मीही बरीच वर्षं ती खाटेची गोष्ट जशीच्या तशी सांगत होतो. तरी एक म्हणेन. आधी केलेल्या ठेक्यांतून कुठले ठेवायचे आणि कुठल्या क्रमाने, हे ठरलं तेव्हा तो आजारीच होता. 'स्टॉप!', 'डोन्ट क्राय', 'बाय', 'लास्ट डोनट ऑफ द नाइट' ही नावं नुसती ओळीने वाचा. यात निरोप नाही असं मला कुणी पटवून देऊ शकणार नाही.

---

पोटोमॅक_काठ

वॉशिंग्टनला आफ्रिकन-अमेरिकन इतिहासाचं स्मिथसोनियन संग्रहालय आहे, २०१६मध्ये उघडलं. डिलाच्या आईने त्याचं एमपीसी ३००० आणि त्याचा मिनीमूग सिंथेसायझर तिथे दिलाय. मी मुलीला घेऊन गेले होते. काचेमागे ते यंत्र आहे, सोळा चौकोनी गाद्या, चारच्या चार ओळी. मुलगी म्हणाली, "आई, हे कॅल्क्युलेटरसारखं दिसतं." मी तिला इअरफोनवर कॉमनचं 'द लाइट' लावून दिलं आणि यंत्रासमोर उभं केलं. संपेपर्यंत हलली नाही. मग कुठली गादी कुठला आवाज काढत असेल, ते काचेवर बोट ठेवून ओळखायला लागली. पहारेकऱ्याने काचेला हात लावू नका म्हणून सांगितलं तेव्हा थांबली.

---

हुरूनचा_रस्ता

आपल्याकडचा एक धागाही जोडतो. डिलाचा जोडीदार मॅडलिब याने २००७मध्ये 'बीट कंडक्टा इन इंडिया' केलं, ते जुन्या हिंदी सिनेमासंगीताच्या रेकॉर्डींवर. म्हणजे मुंबईच्या स्टुडिओंत शंभर वादकांनी वाजवलेलं काम कॅलिफोर्नियात जाऊन कापलं गेलं. त्याच मालिकेचे पुढचे भाग, २००९मधले, त्याने डिलाच्या आठवणीत केले.

आणि डेट्रॉइटच्या मध्यवस्तीत त्याच्या नात्यातल्यांनी २०१६मध्ये 'डिलाज डिलाइट्स' नावाचं डोनटचं दुकान काढलं होतं. त्याला डोनट फार आवडायचे, अल्बमचं नाव तिथूनच आलंय. मी एकदा डोनट खाल्ला होता तिथे.

---

अकरावी_ब

मी सतरा वर्षांचा आहे, लॅपटॉपवर ठेके बनवतो. माझे सगळे ठेके घरांत बरोबर बसतात आणि मेल्यासारखे वाटतात. त्याच्यासारखं करायचं म्हणून स्नेअर पुढे ओढून बघितला, तर नुसताच चुकल्यासारखा वाटतो. काय करू? आणि ऐकायला कुठून सुरुवात करू?

---

मध्यलय

अकरावी_ब, आधी माउस बाजूला ठेव. ठोका ओढू नकोस, वाजव. गादी असलेलं साधं यंत्र नसेल तर कीबोर्डची कळ चालेल. हाय-हॅट सरळ घरांत बसलेला राहू दे, तो तुझा लेहरा. त्यावर किक हाताने वाजव, यंत्राची दुरुस्ती बंद करून, दोन नव्हे तर सोळा आवर्तनं. नंतर ऐक, कुठल्या आवर्तनात तुझी मान हलली ते शोध आणि तेवढंच ठेव. स्नेअर चुकल्यासारखा वाटतो कारण तू एकच ठोका हलवलास. किक मागे राहिली तर स्नेअरच्या घाईला अर्थ येतो. बेस सगळ्यात शेवटी, आणि तो किकच्या मागे.

ऐकायला 'रनिन'पासून सुरुवात कर. मग 'द लाइट', मग 'डिडंट चा नो'. 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २' पूर्ण ऐक. त्यानंतर 'वूडू', आणि त्यात ड्रम वाजवणारा माणूस आहे हे ध्यानात ठेवून ऐक. 'डोनट्स' शेवटी. त्यातल्या पहिल्या तुकड्याचं नाव 'आउट्रो' म्हणजे समारोप आहे, आणि शेवटच्याचं 'वेलकम टू द शो'. शेवटच्या तुकड्याचं टोक पहिल्याच्या सुरुवातीला जाऊन मिळतं. तेव्हा यादी संपली की बंद होईल अशी सोय ठेवू नकोस, पुन्हा-पुन्हावर टाक, आणि रात्री घरातले झोपल्यावर लाव.

जमलं तर तुझी सोळा आवर्तनं इथे चढव. गुरुजींना पुढच्या महिन्यात भेटणार आहे, त्यांना ऐकवेन.